देवीला काय विचारलंत?

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे तोंडवलीत कुणालाही विचारा. विचारणं वेगळं आणि मागणं वेगळं, हे मला पुन्हा नव्याने कळायला रशियन भाषा शिकावी लागली. ज्याला ते खरं म्हणजे कळायला हवं होतं तो माझा सख्खा भाऊ ओरोसला सरकारी कचेरीत बसतो, आणि त्याला मराठीतसुद्धा कळत नाही.

आमच्या घराला समुद्राच्या बाजूने दोन खोल्या आहेत. बारा वर्षांपूर्वी, बाबा असतानाच, मी त्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मी किशोरी, वय शेहेचाळीस. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही तेही मला कधी कुणी धड विचारलं नाही. गोव्याच्या गर्दीला कंटाळलेले काही रशियन हिवाळ्यात इकडे वर सरकतात. त्यातली लारिसा यंदा सलग तिसऱ्या वर्षी आली. ही आली की तीन महिने हलत नाही. चौसष्ट वर्षांची बाई, तिकडच्या शाळेत आयुष्यभर तिचीच भाषा शिकवलेली. अशा बाईला माझं रशियन ऐकवत नाही यात तिचा दोष नाही. मी ते शिकले एका पाहुण्याने विसरून टाकलेल्या पुस्तकावरून, आणि ते पुस्तक होतं इंग्रजी.

त्या पुस्तकानेच घात केला. इंग्रजीत 'आस्क' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. वाट विचारा, मीठ मागा, परवानगी मागा, सगळं आस्क. रशियनमध्ये दोन शब्द आहेत. 'स्प्रसीत' म्हणजे विचारणं आणि 'पप्रसीत' म्हणजे मागणं, विनंती करणं. आमच्या गावातलं शेंबडं पोरही विचारणं आणि मागणं यात चुकत नाही. पण मी इंग्रजीच्या साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून, पलीकडे गेले, आणि साकव एकच असल्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगावर पडले.

गेल्या वर्षी पाहुण्यांना ताजे मासे हवे होते. सकाळी किनाऱ्यावर जाऊन मासे मागून आणते, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणाले ते असं झालं, की सकाळी मी माशाला विचारते. टेबलाभोवतीचे सगळे हसायला लागले. लारिसा मात्र गंभीर तोंडाने म्हणाली, "मासा काय म्हणाला ते आम्हालाही सांग."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी सगळ्यांना डाळभात वाढला.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, स्टुलावर बसली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, शाळेत शिकवतात तसं तिने शिकवलं. तुला उत्तर हवंय की वस्तू? उत्तर हवं असेल तर पहिला शब्द. वस्तू हवी असेल, काम करून हवं असेल, तर दुसरा. मग जरा थांबून म्हणाली, "विचारणाऱ्याला हो आणि नाही, दोन्ही चालायला पाहिजेत. मागणाऱ्याला एकच चालतं." हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. शिवाय एक शब्द तिने फुकटात दिला, 'बेझ स्प्रोसू', म्हणजे न विचारता. कुणी न विचारता आपलं काही उचललं तर त्यांच्याकडेही असंच म्हणतात. हे ऐकून मला रशियन भाषेबद्दल आपुलकी वाटली.

या जानेवारीत मी एकदा मालवणच्या बाजारातून एसटीने परत आले तर आमच्या माडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले. एक ते एकतीस. प्रत्येक माडाच्या कमरेला एक आकडा, गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तसा. लारिसाने सांगितलं, दोन माणसं टेप घेऊन आली होती, तिने हटकलं तर दोघं हात जोडून हसली आणि काम करत राहिली. मला वाटलं, वीजवाले असतील, तारा ओढायच्या असतील. लारिसा म्हणाली, "बेझ स्प्रोसू."

आता एक गोष्ट खरी सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. मी त्या घराला कंटाळले होते. पंप दर पंधरा दिवसांनी बसतो. खारा वारा खिडक्यांच्या बिजागऱ्या खातो. चादरी धुऊन धुऊन माझी कंबर गेली. एप्रिलपर्यंत खोल्या चालवते आणि मग बंद करते, असं मी लारिसाला सांगूनही टाकलं होतं. कुडाळला दोन लहान खोल्या, नळाचं पाणी, खाली भाजीवाला, एवढं मला पुरलं असतं. घराभोवतीची माडांची वाडी विकली असती तरी चाललं असतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, कारण दुसऱ्या कुणी विचारलं नाही.

आणि मग रविवारी गुरुप्रसाद आला.

गुरुप्रसाद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पत्त्यात सिंधुदुर्गनगरी लिहितो, बोलताना ओरोस म्हणतो, तसंच त्याचं सगळं. एरवी गाडीतून उतरला की "ताये, खंय आसस गो" अशी हाक मारत मागच्या दाराने येतो. त्या दिवशी पुढच्या दाराने आला, खुर्चीत बसला आणि पाण्याचा पेला हातात धरून म्हणाला, "ताई, तुझी एक सही हवी आहे."

हवी आहे. घरात ही भाषा आली की समजायचं, कचेरी आली. त्याआधी अर्धा तास तो आंब्याच्या मोहोराबद्दल, माझ्या कंबरेबद्दल आणि लारिसाच्या टोपीबद्दल बोलला होता. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. शेवटी बॅगेतून भांडं निघालं. ते हक्कसोडपत्र होतं. वाडीवरचा आणि घरावरचा माझा हिस्सा मी माझ्या भावाच्या नावे सोडते, तेही 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय'. माझी खुशी त्याने टाइप करून आणली होती.

"बाहेरची एक कंपनी घेते आहे," तो म्हणाला. "मोठं रिसॉर्ट होईल. तुझी सोय मी बघितलेली आहे. आमच्या क्वार्टरमधली मागची खोली रिकामीच असते. नम्रतालाही तुझी मदत होईल."

नम्रता त्याची बायको. म्हणजे चादरी धुणं काही सुटणार नव्हतं, फक्त पाहुणे बदलणार होते.

"माडांर आकडे तुझ्या माणसांनी घातल्यानी?"

"मोजणी करावी लागते, ताई."

"माका विचारलंस?"

"आता विचारतोय ना?"

"ह्या विचारणा न्हय," मी म्हटलं. "ह्या मागणा. मी नाय म्हटलंय तर तुका चलात?"

मग कचेरी गळून पडली आणि आमचा गुरुप्रसाद बाहेर आला. "त्या रशियन बायेन तुका बिघडवल्यान हा," तो म्हणाला. "बरा. माझा आयकू नको. आपण देवीक विचारूया. शुक्रवारी कौल घेव. देवी नाय म्हणाली तर ह्यो कागद तुझ्यासमोर फाडून टाकतलंय. व्हय म्हणाली तर सही करतलंस?"

कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे घर बांधायचं असो, लग्न ठरवायचं असो, आधी ग्रामदेवीला विचारतात. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. गुरव सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, प्रश्न मांडतो, उजवी पडली तर काय आणि डावी पडली तर काय ते देवीला सांगतो. मग सगळे थांबतात. जी पाकळी आधी पडेल ते उत्तर. एकदा कौल मिळाला की तो मोडत नाहीत. आमची विहीर बाबांनी कौल घेऊनच खणली, आणि पाणी लागायला दीड महिना लागला तरी जागा बदलली नाही.

"करतलंय," मी म्हटलं.

मला बरंही वाटलं. कुणीतरी कुणालातरी खरंच विचारणार होतं. देवी दे म्हणाली असती तर मी दिलं असतं, मनातून अर्धं देऊन झालंच होतं. चार दिवस मी कुणावर ओरडले नाही. लारिसाने ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

शुक्रवारी सकाळी देवळात पंधरा-वीस माणसं होती, गावातली म्हातारी मंडळी आणि दोन मानकरी. लारिसा डोक्याला रुमाल बांधून माझ्याबरोबर आली आणि बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून उभी राहिली. गुरुप्रसाद आधीच पोचून भिकाजी गुरवाच्या कानाशी लागला होता. भिकाजीकाका मला परकरात असल्यापासून ओळखतात. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि हात जोडून सुरुवात केली.

"बाये देवी माऊली, आज ह्या तुझा लेकरू गुरुप्रसाद तुझ्या पायाकडे उभा ऱ्हवला हा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

"बापजाद्याच्या वाडीचा काम तेणा हातात घेतलेला आसा."

"व्हय म्हाराजा."

"ता काम ह्या पुनवेच्या आदी केलेला बरा असात तर उजवी पाकळी दी. पुनवेच्या मागसून केलेला बरा असात तर डावी दी. भैण-भावंडांची मना एक ठेव आणि सगळ्यांचा बरा कर."

"व्हय म्हाराजा."

तिन्ही वेळा मी म्हणाले. लहानपणापासून गाऱ्हाणं ऐकलं की तोंड आपोआप म्हणतं, त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. आम्ही सगळे असेच. गुरव थांबला की व्हय म्हाराजा, मग तो मधे काय म्हणाला ते घरी गेल्यावर आठवायचं.

फार वेळ लागला नाही. उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. "उजवो दिल्यान," कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी हात जोडले. गुरुप्रसाद माझ्याकडे आला, त्याच्या हातात तो कागद होता आणि पेनाचं टोपण त्याने काढूनच ठेवलं होतं.

"दिल्यान देवीन," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

मी पेन घेतलं. शब्द दिला होता. तेवढ्यात लारिसाने माझी बाही ओढली आणि हळूच विचारलं, काय विचारलं त्यांनी देवीला?

तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला अडले. सवयीने 'स्प्रसीत' तोंडात आला होता. पण विचारलं म्हटलं तर काय विचारलं? वाडी द्यावी की देऊ नये, हे तर कुणी उच्चारलंच नव्हतं. मग 'पप्रसीत' म्हणावं? मागितलंही काही नव्हतं, शेवटचं भलं करण्याचं सोडलं तर. भिकाजीकाकांची तिन्ही वाक्यं मी मनात परत लावून पाहिली. काम हातात घेतलेलं आहे, पुनवेच्या आधी करू की नंतर करू. उजवी पडली असती तरी वाडी जाणार होती आणि डावी पडली असती तरी जाणार होती. देवीच्या हातात फक्त तारीख दिली होती.

"विचारलं नाही," मी लारिसाला तिच्या भाषेत म्हटलं. "मागितलं नाही. सांगितलं." त्यात एकही चूक नव्हती. तिने मान डोलावली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला फसवलं ते एक वेळ ठीक, मला फसवायची त्याला सवय आहे. पण या माणसाने देवीला फसवलं, तेही सगळ्या गावाच्या तोंडून व्हय म्हाराजा म्हणवून, माझ्यासुद्धा.

मी पेनाला टोपण लावलं.

"भिकाजीकाका," मी म्हटलं, "तुमी देवीक काय विचारलात?"

"पुनवेच्या आदी की मागसून."

"वाडी दिवची की नाय दिवची, ता खंय विचारलात?"

मानकऱ्यांपैकी एकाने गुरुप्रसादकडे पाहिलं. भिकाजीकाका पंच्याला हात पुसत म्हणाले, "माका जा सांगल्यान ता मी बोललंय, बाय."

"मगे आता माझा बोलशात?"

"एकदा कौल दिल्यार परत घेवचो नसता," गुरुप्रसाद मधेच म्हणाला. "देवळात तमाशो नको, ताये."

भिकाजीकाका त्याच्याकडे वळले. चाळीस वर्षं गाऱ्हाणं घातलेला माणूस. आपल्या तोंडून देवीला काय घातलं गेलं ते त्यांनाही आता कळलं होतं आणि ते त्यांना आवडलं नव्हतं. "तो कौल तारखेचो," ते म्हणाले. "ह्या अजून कोणी विचारूकच नाय." त्यांनी तांब्यातून दोन नव्या पाकळ्या काढल्या. "सांग बाय. काय विचारू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर शब्द तयार होते: बाये, घर माझ्याकडे ऱ्हवांदे. आणि मला माझीच लाज वाटली. हेही मागणंच होतं. उजवी पडली असती तर मी देवी पावली म्हटलं असतं, डावी पडली असती तर आणखी काही खोट काढली असती. मी आणि माझा भाऊ, एकाच माळेचे मणी. शिवाय ते घर मला तितकं हवंही नव्हतं. मला जे हवं होतं ते देवीकडे नव्हतंच, ते समोर सही मागत उभं होतं.

"देवीक तरास कित्याक?" मी म्हटलं. "हो हय उभो आसा, मी हय उभी आसंय. गुरुप्रसाद, तू माका विचार."

"काय विचारू?"

"वाडीचा."

"सही करतंस मां?"

"ह्या मागणा."

"ताये, ते लोक आणखी थांबूचे नाय, दुसरी जागा बघतले."

"ह्या सांगणा."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. गुरुप्रसादचे कान लाल झाले. मी आवाज चढवला नाही, आणि मला जे ओळखतात त्यांना त्यानेच भीती वाटली असणार. "मी नाय म्हटलंय तरी तुका चलात," मी म्हटलं, "असा विचार."

तो कागदाकडे बघत राहिला. चौथीत तेराचा पाढा अडला की तो असाच उभा राहायचा, आणि मी दाराआडून ओठ हलवून सांगायचे. या वेळी मी ओठ हलवले नाहीत. लारिसाला एक शब्द कळत नव्हता, पण तीही त्याच्याकडेच बघत होती. शेवटी त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि खालच्या आवाजात, ओरोसचा एकही शब्द न मिसळता विचारलं.

"ताये, वाडी दिवया काय गो?"

"नको," मी म्हटलं.

मागून एक म्हातारा सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाला. कुणी हसलं नाही. भिकाजीकाकांनी दोन्ही पाकळ्या परत तांब्यात सोडल्या. मी दिलेला शब्द मोडला असं तिथे कुणी म्हणालं नाही, कारण ज्या प्रश्नावर शब्द दिला होता तो देवीला कुणी घातलाच नव्हता.

नको हे मी रागाने म्हटलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं आता तो चिडेल, चुलते-मालते गोळा करील, कोर्टाची भाषा करील. मीही कंबर कसून उभी होते. तो देवळाच्या पायरीवर जाऊन बसला. मी चपला घालायला वाकले तेव्हा खाली बघतच म्हणाला, "कित्याक?"

मी थांबले. त्या 'का'मागे कागद नव्हता, पेन नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि त्याला जाणून घ्यायचं होतं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने मला खरोखर विचारलेला हा दुसरा प्रश्न, आणि पहिला दहा मिनिटांपूर्वीचा.

म्हणून मी त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं. पंपाचं सांगितलं, चादरींचं सांगितलं, माझ्या कंबरेचं आणि कुडाळच्या दोन खोल्यांचं सांगितलं. बाबांच्या शेवटच्या वर्षात तो किती वेळा आला तेही सांगितलं. देवळासमोरच आमची वाडी सुरू होते, तिथे लारिसा लांब एका माडाखाली उभी राहिली होती, सतरा नंबरच्या. ऊन डोक्यावर आलं तरी तो उठला नाही, मधे बोललाही नाही.

आणि शेवटी हेही सांगितलं, की त्या रविवारी खुर्चीत बसून तू नुसतं विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं.

एवढं सांगताना मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला.